तासाभरात बसणारा एसी

६ तारीख, शनिवार

बाबांच्या तळपायांना फोड आलेत. काल भर दुपारी अनवाणी बाहेर पडले. आईचा डोळा लागला होता आणि मी इअरफोन लावून ऑफिसच्या कॉलवर, सगळ्यांना 'हो हो' म्हणत. चौकातल्या सलूनवाल्या काकांनी बघितलं म्हणून बरं. हाताला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं, पाय ओल्या टॉवेलात गुंडाळले आणि मग फोन केला. मी धापा टाकत पोचले तर बाबा आरशाकडे बोट दाखवून काकांना सांगत होते, "या गृहस्थांचं आधी करा. मला घाई नाही."

डॉक्टर म्हणाले, विस्मरणाच्या माणसाला उकाडा जास्त छळतो. तहान लागलीय हे कळत नाही, जीव कासावीस होतो, का होतोय ते समजत नाही, मग उठून चालायला लागतात. त्यांची खोली गार ठेवा.

संध्याकाळी दादाचा फोन. मोठा भाऊ, तीन तासांवर राहतो आणि फोनवर कायम गाडी चालवत असल्यासारखा बोलतो.

"त्या वृद्धांच्या केंद्रात एक बेड रिकामा होतोय. एकवीसला, रविवारी. मी बाबांचं नाव दिलंय."

"मला न विचारता?"

"तू दोन महिन्यांसाठी आलीयस. बाबा दोन महिन्यांपुरते विसरलेले नाहीत."

मी म्हटलं, आपण एसी बसवू.

"बसव. वीसच्या आत बसव. बाबा त्या गार खोलीत थांबले तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर एकवीसला गाडी घेऊन येतो. तिथे बसवलेलाच आहे."

८ तारीख, सोमवार

दुकानातला माणूस फार गोड. किती टनाचा, किती स्टारचा, वायफाय हवं का, मोबाईलवरून चालू होणारा दाखवू का?

मी म्हटलं, "बसवायला किती वेळ लागतो?"

तो हसला. "मॅडम, लोक वीजबिल विचारतात. वेळ विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्याला काय सांगणार. आमच्याकडे माणूस बाहेर असेल तेवढ्या वेळात एसी बसायला हवा. घरात अनोळखी माणूस आणि खाडखूड, हे बाबांना चालत नाही. मागच्या महिन्यात नळवाला आला तर त्याला बाथरूममध्ये कोंडून बाबा दाराला पाठ लावून उभे राहिले. "चोर पकडलाय, पोलिसांना बोलवा." नळवाला आतून, "ताई, निदान लाइट तरी लावा."

आईला आठवण करून दिली, तर ती म्हणते, "तो सरळ आत शिरला होता. बुटांसकट. ह्यांच्या पलंगावर पिशवी ठेवली त्याने."

"तेच म्हणतेय मी. अनोळखी माणूस नको."

आई कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग एकदम, "त्या केंद्रात नवराबायकोला एक खोली देतात का गं?"

विषय एसीचा चाललाय आणि ही कुठे. आईचं हल्ली असं होतं. बोलता बोलता भलतीकडेच निघते. तिचंही वय झालंय, मी धरून चालते.

१० तारीख, बुधवार

दोन रात्री अभ्यास केला. कॉलेजात एवढा केला असता तर आज दुसऱ्याची माहितीपत्रकं लिहून पोट भरावं लागलं नसतं.

पोर्टेबल बसवावाच लागत नाही, चाकांवर येतो. पण त्याचा जाडजूड पाइप खिडकीतून बाहेर सोडायचा, आणि बाबा जमिनीवर जे दिसेल ते उचलून कपाटात ठेवतात. स्प्लिटला दोन माणसं, ड्रिल, भिंतीला आरपार भोक, बाहेर स्टँड, तांब्याचे पाइप. अर्धा दिवस, शिवाय "भिंत कशी आहे त्यावर". आमची भिंत कशी आहे ते मला माहीत आहे. खिळा ठोकला की शेजारच्यांकडचं कॅलेंडर पडतं.

राहिला विंडो. ग्रिलला उघडणारं दार असेल तर एक तास. आमच्या ग्रिलला दार आहे.

ठरलं. ज्या घरात माणसं रंगावरून भांडतात तिथे मी घड्याळावरून एसी घेतला. मला माझं कौतुक वाटतंय, लिहून ठेवते.

बाबा शांतपणे जातात अशी एकच जागा उरलीय, काकांचं सलून. तिथली खुर्ची त्यांना ओळखीची वाटते. मी काकांना गाठलं.

"काका, शुक्रवारी बाबांना तासभर बसवून ठेवाल?"

"तुझ्या बाबांच्या डोक्यावर वीस केस आहेत. तासभर काय, एकेकाची चौकशी करू?"

"दाढी, मसाज, काहीतरी."

काकांनी लांबूनच हिशेब केला. "कानात आहेत तसे बरेच. तिकडे वाव आहे."

१२ तारीख, शुक्रवार

बसला. एका तासात, खरंच. मी गॅलरीत उभी राहून चौकाकडे बघत होते, चोरी करताना पहारा देतात तशी. फिटरांनी ग्रिलचं दार उघडलं, खाली लोखंडी स्टँड लावला, खोका आत सरकवला आणि उरलेली खिडकी प्लायने बंद केली. वरून, बाजूने, सगळीकडून. नाहीतर गार हवा बाहेर जाते म्हणे. पसारा आवरला, फरशी पुसली. माणसं आली होती याची खूणसुद्धा ठेवली नाही.

मग आई बाबांना घेऊन आली. कान लालबुंद, चेहरा गुळगुळीत. खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. गार हवेचा झोत अंगावर आला तसे जरा सुखावले. आत गेले, पलंगाच्या कडेला बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाहुण्यांकडे बसतात तसे. इकडेतिकडे बघितलं.

"छान आहे तुमचं घर," मला म्हणाले. "गार आहे. बरं, निघतो आता. घरी वाट बघत असतील."

१३ तारीख, शनिवार

आत जात नाहीत. हॉलमध्ये, चपलांच्या स्टुलावर, घामाने निथळत बसलेत. आत रिकामा पलंग मस्त गार.

ट्यूबलाइट लावली. त्यांची उशी, त्यांची चादर, त्यांचा रेडिओ दाखवला. बाबा सभ्यपणे, "हो, माझ्याकडेही असाच आहे."

आईने न रागावता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. "सकाळी डोळे उघडले की त्यांना समोरच्या गच्चीवरची निळी टाकी दिसायची. टाकी दिसली की उठून बसायचे. मग मला हाक मारायचे."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू घड्याळ लावून बसली होतीस."

मी दुकानदाराला वेळेचे अकरा प्रश्न विचारले. उजेड कुठे जाईल हा बारावा सुचला नाही.

दादाला फोन केला नाही. त्याने मेसेज टाकला, 'बसला का?' मी लिहिलं, 'हो.' खोटं नाही ते.

१५ तारीख, सोमवार

दुकानदार बदलून द्यायला तयार. पण स्प्लिटच. आणि फिटर शनिवारी, वीसला.

"किती वेळ?"

"तुमची ती भिंत? दिवस धरा. पाइप पण फिरवून न्यावा लागेल."

पूर्ण दिवस. काकांनी बाबांच्या अंगावरचा एकूणएक केस मोजला तरी पूर्ण दिवस निघणार नाही.

१७ तारीख, बुधवार

विंडो काढून नेला. काढायला अर्धा तास. काकांनी या वेळी भुवया कोरल्या, दुसरं काही शिल्लकच नव्हतं. बाबा तेव्हापासून कायम चकित झाल्यासारखे दिसतायत.

घरी आले, खोलीत शिरले, खिडकीपाशी गेले, टाकी बघितली. "आलो बुवा," म्हणाले आणि आडवे झाले.

त्या भट्टीत तासभर झोपले. उठले ते ओलेचिंब. चारच्या सुमाराला दाराच्या कडीशी खटपट चाललेली ऐकली. आता आम्ही कडी वर बसवलीय, हात पोचत नाही. बाबा कडीकडे बघत उभे होते, मान वर करून. मी पंखा फुल केला. पंखा गरम हवा फिरवतो, दुसरं काय करणार बिचारा.

१९ तारीख, शुक्रवार

दुकानातून फोन. उद्या जमत नाही, फिटर रविवारी सकाळी येतील.

मी दादाला सांगितलं, एक दिवस दे.

"एका दिवसाने काय होणार आहे?"

"खोली गार होईल."

"आणि बाबा? भिंत फोडत असताना बाबा कुठे असणार आहेत? पुन्हा नळवाला? हे बघ, त्यांनी बेड पाचपर्यंत ठेवलाय, नंतर दुसऱ्याला देणार. मी अकराला येतोय. ठरलंय ते ठरलंय." मग म्हणाला, "त्या दिवशी ते रस्त्यावर होते, तेव्हा तू कॉलवर होतीस. मी काही बोललो का? उद्या माझ्यावर ती पाळी आली तर मी काय करू?"

मला वाटायचं त्याला बाबांचा कंटाळा आलाय. आता वाटतं, घाबरलाय. पण घाबरलेला माणूसही गाडी घेऊन येतोच.

काकांना विचारलं. ते म्हणाले, "अगं, रविवारी माझ्याकडे उभं राहायला जागा नसते. आणि खरं सांगू, तुझ्या बाबांना आता काही उरलंच नाहीये. सोलून काढले मी त्यांना."

आईने बाबांची बॅग भरायला घेतली. मी म्हटलं, अगं, अजून काही ठरलेलं नाही. तर म्हणे, "तुझ्या ऑफिसचं पत्र आलंय ना, एक तारखेला हजर व्हायचं? मग जा तू. आमचं होईल." बाबांच्या कपड्यांवर स्वतःचा गुडघ्याचा पट्टा ठेवला तिने. मी काढून बाजूला ठेवला. डोकं ठिकाणावर नाही तिचं.

२० तारीख, शनिवार

मी म्हटलं, उद्या सकाळी बाबांना बागेत नेऊ, मग देवळात, मग कुठेतरी. दिवसभर फिरवू.

आई म्हणाली, "या उन्हात? राहू दे त्यांना घरीच."

"आणि फिटर?"

"मी बघते."

आई काय बघणार आहे ते मला कळत नाही. झोप नाही.

२१ तारीख, रविवार

सगळं लिहायचंय, हात दुखला तरी.

सकाळी आई जिन्यात जाऊन उभी राहिली. खाली टेम्पोतून फिटर उतरले, दोघं. एक बोलका, एक अजिबात न बोलणारा. आई त्यांच्याशी काहीतरी बोलली, बराच वेळ. मग एकटीच वर आली, मला म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस," आणि स्वयंपाकघरात गेली.

बेल वाजली. दार कोणीच उघडेना. आई मुद्दाम भांडी घासत राहिली. पुन्हा बेल. शेवटी बाबा उठले.

दारात दोघं, बूट काढून, सामान खाली ठेवून. बोलका म्हणाला, "साहेब, कामाला आलोय. परवानगी असेल तर सुरू करतो."

बाबा बघत राहिले. बाबांची पाठ बघून काही कळत नाही, आणि मला फक्त पाठच दिसत होती.

"किती जण आहात?"

"दोघं."

"पाणी प्यायलात?"

"नाही अजून."

"मग काम कसं सुरू करता? बसा आधी."

बसले. पाणी झालं, चहा झाला. बाबांनी गाव विचारलं, मुलंबाळं विचारली, पुन्हा गाव विचारलं, पुन्हा मुलंबाळं. बोलका प्रत्येक वेळी पहिल्यांदा विचारल्यासारखा सांगत होता. पाऊण तास गेला आणि एक स्क्रू फिरला नव्हता. मी घड्याळाकडे बघत होते तर आईने माझ्या पाठीत कोपर मारलं.

मग बोलक्याने विचारलं, "साहेब, कुठे लावू?"

बाबा खोलीत गेले. खिडकीच्या वरची भिंत दाखवली. "इथे. उजेडाला हात लावायचा नाही."

आणि खुर्ची ओढून दारात बसले.

ड्रिल सुरू झालं तेव्हा मी कान झाकले. बाबांनी नाही. उलट मान तिरकी करून ऐकत होते. "चांगलं चाललंय," म्हणाले, "जरा तेल मागतंय." बाबा छापखान्यात फोरमन होते, आयुष्यभर यंत्रांच्या धडधडाटात उभे राहिलेले. हे मला माहीत होतं. शाळेच्या फॉर्मवर दरवर्षी मीच तर लिहायचे, वडिलांचा व्यवसाय. त्याच्यापुढे कधी विचार केला नव्हता.

आई ओट्याशी पुटपुटत होती. "तीस वर्षं जेवण गार केलं माझं या माणसाने. शेवटचा कामगार हात धुऊन बाहेर पडल्याशिवाय घरी यायचे नाहीत."

अकराला दादा आला. घामेजलेला, चावी हातात. दाराशी दोन बॅगा होत्या. त्याने एक बघितली, दुसरी बघितली, मग आईकडे बघितलं, बराच वेळ. मी म्हटलं, आईचं माहितीये ना तुला, चार दिवसांना चाळीस दिवसांचं भरते. कोणीच हसलं नाही.

"बाबा," दादा खाली वाकून म्हणाला, "चला. गाडी खाली आहे."

"कुठे?"

"एका ठिकाणी. गार आहे तिथे."

"आत्ता?" बाबांना खरंच नवल वाटलं, नुसत्या भुवयांमुळे नाही. "माणसं कामावर आहेत. मी कसा येऊ?"

"ही आहे, आई आहे."

"त्या काय करणार? जबाबदारी माझी." मग दादाला खालीवर न्याहाळून, "तुम्ही नवीन का? उभे का आहात? तो पाइप धरा."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी कुठेच बघितलं नाही. न बोलणाऱ्या फिटरने पाइपचं टोक पुढे केलं आणि दादाने धरलं. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि धरलं.

भिंतीने शब्द पाळला. पहिलं भोक ढासळलं, दुसरीकडे पाडावं लागलं. जेवायला सगळे एका पंगतीला बसले, बाबांनी न बोलणाऱ्याला आग्रह करून वाढलं, "तुम्ही लाजताय." जेवण झाल्यावर दादाचा फोन वाजला. केंद्रातून होता. "हो, निघतोच आहोत," तो म्हणाला, एका हातात स्क्रूचा डबा.

पुन्हा वाजला तेव्हा त्याने नुसता बघितला आणि खिशात ठेवला.

चार वाजून गेल्यावर बोलक्याने रिमोट बाबांच्या हातात दिला. "साहेब, चालू करा."

बाबांनी दादाला दिला. दादाने बटण दाबलं. आधी नुसता घरघराट, मग गार. खाली खिडकी उघडी, म्हणजे पडदा उघडा, काच बंद, आणि काचेतून टाकी. बाबा पलंगावर टेकले, आडवे झाले, डोळे मिटले. त्यांचं कपाळ कोरडं होताना मी पहिल्यांदा बघितलं.

इथे थांबता आलं असतं. पण फिटर बेसिनवर हात धुवायला गेले.

पाण्याचा आवाज आला आणि बाबांनी डोळे उघडले. उठून बसले, पायांनी चपला शोधायला लागले. "चला. झालं आजचं."

दादाने घड्याळ बघितलं. मला दिसलं, त्याला बघायचं नव्हतं, पण बघितलं. केंद्र अर्ध्या तासावर, पाचच्या आत पोचता आलं असतं. "बाबा," तो म्हणाला, "आता येता ना माझ्याबरोबर?"

"येतो की. माणसं सुटली, आता मी मोकळा."

आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि बॅगांपाशी जाऊन उभी राहिली. एवढी शांत कशी राहू शकते ही बाई, मला कळत नाही. मला ओरडायचं होतं की खोली गार झालीय, बघा, गार झालीय. पण दादा बरोबर होता. खोली गार झाली म्हणून बाबा थांबले नव्हते. काम चालू होतं म्हणून थांबले होते. काम मीच संपवायला सांगितलं होतं, लवकरात लवकर.

बोलका टॉवेलला हात पुसत आला. बाबांच्या चपलांकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, दादाच्या हातातल्या चावीकडे बघितलं.

"साहेब," तो म्हणाला, "बाहेरच्या पाइपला टेप मारायची राहिलीय."

मी स्वतः बघितलं होतं. टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळलेली होती, चापूनचोपून. न बोलणाऱ्यानेच गुंडाळली होती. तो आता खाली बघून पिशवीची चेन लावत होता.

"मग?" बाबांनी विचारलं.

"उद्या करावी लागेल."

बाबांनी चपला काढल्या. "किती वाजता?"

"दहाला येतो."

"या. मी आहे." आणि ते परत आडवे झाले, खिडकीकडे तोंड करून.

खोलीत फक्त घरघर. दादाचा फोन वाजायला लागला. तो खिशावर हात ठेवून उभा राहिला, वाजून बंद होईपर्यंत. मग बोलक्याच्या मागोमाग दारापर्यंत गेला, हळू आवाजात विचारलं, "टेप मारायला वेळ किती लागेल?"

बोलका बूट घालत होता. त्याने वर बघितलं नाही.

"जुनी भिंत आहे," तो म्हणाला. "सांगता येत नाही."